दहाव्या अध्यायाच्या मेट्रनबाई

आमच्या बायबल अभ्यास गटाला योहानाच्या शुभवर्तमानाचे पहिले दहा अध्याय जवळजवळ तोंडपाठ आहेत. पुढं येशूचं काय झालं, याबद्दल मात्र आमच्या गटात अधिकृतपणे कुणालाच काही ठाऊक नाही. गेली तीन वर्षं आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी बसतो, एकेक अध्याय घेतो, दहाव्याच्या शेवटाला पोचतो, आणि पुढच्या गुरुवारी आमच्या गटप्रमुख मेट्रनबाई चष्मा पुसत म्हणतात, "पाया कच्चा हाय. पयल्यापास्नं घ्या."

की आम्ही पुन्हा पहिल्या अध्यायावर.

दहाव्याच्या शेवटी येशू यार्देन नदीपलीकडे जाऊन राहतो. आमच्या घरात तो तीन वर्षं तिथंच राहिलेला आहे.

मेट्रनबाई म्हणजे माझ्या सासूबाई. घरात मी त्यांना आई म्हणते. बाकी सगळं सोलापूर, म्हणजे निदान आमच्या चर्चला येणारं सोलापूर, त्यांना मेट्रनबाई म्हणतं. एका जुन्या दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर नर्सचं काम केलं आणि शेवटची काही वर्षं तिथल्या सगळ्या नर्सेसवर राज्य केलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी पांढऱ्या साड्या ट्रंकेत ठेवून दिल्या, पण वॉर्ड काही सोडला नाही. तो त्यांनी आमच्या पुढच्या खोलीत आणला.

रविवारी चर्चमध्ये उपासना असते. तिथं पास्टर बोलतात आणि आपण ऐकतो. घरोघरचे अभ्यास गट आठवड्यातून एकदा बसतात. सात-आठ माणसं एक अध्याय वाचतात आणि हे आपल्या जगण्यात कुठं बसतं ते एकमेकांना विचारतात. बहुतेक गटांत हे फार गोडीगुलाबीनं चालतं. कुणी काहीही बोललं तरी बाकीचे मान डोलवतात, मग चहा येतो. आमच्याकडं तसं नाही. आमच्याकडं ॲडमिशन असतं.

नवीन माणूस आला की पहिला गुरुवार ऑब्झर्वेशनचा. त्यानं फक्त बसायचं आणि ऐकायचं. दुसऱ्या गुरुवारी एक वचन, म्हणजे अध्यायातलं एखादं वाक्य, वाचायला मिळतं. मत मांडायला आणखी काही आठवडे थांबावं लागतं. "आल्या आल्या जेवायला घातलं की उलटी होती," असं आईंचं म्हणणं. एकदा कुठला तरी धर्मशिक्षणाचा कोर्स केलेले एक गृहस्थ आले. त्यांना ऑब्झर्वेशन मान्य नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मूळ ग्रीक शब्दापासून सुरुवात केली आणि चहा दोनदा गरम करावा लागला तरी ते थांबेनात. आई हात बांधून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी श्वास घेतला तेवढ्यात आई उठून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर राउंडला आले की आमी असंच उभं राहायचो," त्या म्हणाल्या. "लई शिकलेली माणसं. पण राउंड झाला की डॉक्टर जातात, आन रातभर पेशंट आमाला बघावा लागतो. झाला का राउंड?"

गृहस्थ पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्यानंतरच्या गुरुवारी आले, आणि ऑब्झर्वेशनला बसले.

आमच्या गटात "फार आशीर्वाद मिळाला" हे वाक्य म्हणायला बंदी आहे. कुणाच्या तोंडून निसटलंच तर आई विचारतात, "कुटं मिळाला? दाखव. सूज उतरली का ताप उतरला?" प्रत्येक अभ्यासाच्या शेवटी त्या प्रत्येकाला एक वचन लिहून देतात, आठवडाभरासाठी. पुढच्या आठवड्यात चौकशी होते, आणि ती ठरलेल्या शब्दांत होते: "गोळी गिळली, का जिभंखाली धरली?"

सगळ्यात खरं उत्तर देतात त्या लक्ष्मीअक्का. अक्का अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. घरात तेलुगू, कारखान्यात हिंदी, चर्चमध्ये मराठी, आणि भांडताना तिन्ही. एकदा त्यांना शेजाऱ्यावर प्रेम करण्याबद्दलचं वचन मिळालं होतं. त्याच आठवड्यात नळावर जावेशी त्यांचं जोरदार वाजलं.

"गिळली का?" आईंनी विचारलं.

"अर्धी गिळली मेट्रनबाई," अक्का म्हणाल्या. "अर्धी तिच्या अंगावर थुकली."

"मग आता काय?"

"आता तिचा घागर मी भरते. पण तोंड नाही बघत."

"चालतंय. तोंडाचा डोस पुढच्या आठवड्यात."

दुसरे आमचे दानिएलकाका. महानगरपालिकेत हेडक्लार्क होते. त्यांना वचनातही फाईल दिसते. "सदर वचनावरून असे दिसून येते की," अशी त्यांची सुरुवात, आणि कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर, "हे सर्व देवाच्या गौरवासाठी झाले." प्रार्थना सांगितली की ते घरापासून निघतात, वॉर्ड, शहर, जिल्हा करत राज्य आणि केंद्र सरकारपर्यंत जातात, सीमेवरचे जवान घेतात आणि मग समुद्र ओलांडतात. आई एक डोळा उघडून म्हणतात, "दानिएलदादा, परदेशातनं परत या. चहा उकळतोय." काका डोळे न उघडता, "वरील सर्व येशूच्या नावे मागतो, आमेन," म्हणून लगेच विमानतळावर उतरतात.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे, आणि आम्ही नेतोही. पण मला या बाईचा अभिमान का वाटतो तेही सांगायला हवं. आईंच्या गटात कुणाला कायम राहू देत नाहीत. माणूस तयार झाला की त्याला डिस्चार्ज मिळतो. आई त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि सांगतात, "आता परत हितं यायचं न्हाय. जा, सोताचा वॉर्ड काढ." असे डिस्चार्ज झालेले लोक आज मोडनिंबला गट चालवतात, नातेपुत्याला चालवतात, एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत चालवतात. त्यांतल्या काहींना आमच्याकडं आले तेव्हा चारचौघांत आपलं नाव सांगतानाही घाम फुटायचा. आईंनी त्यांना कधी व्याख्यान दिलं नाही. फक्त विचारत राहिल्या आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसल्या. गप्प बसणं ही त्यांची खरी विद्या. दुसरा कुणी गटप्रमुख असता तर शांतता पडल्यावर घाबरून स्वतःच बोलला असता. आई म्हणायच्या, "वॉर्डात शांतता पडली म्हणजे कुणीतरी बरं होतंय."

दानिएलकाकांना डिस्चार्ज कधीच मिळाला नाही. ते क्रॉनिक आहेत.

मीही याच गटात शिकले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आमच्या धंद्यात हळू बोलणं हा गुण असतो. पहिल्यांदा अभ्यास चालवायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी इतक्या हळू प्रश्न विचारला की पंखा बंद करावा लागला. आई म्हणाल्या, "सिस्टर, पेशंट बहिरा हाय असं समज." सुहास दारात उभा राहून हसला होता. सुहास म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा. तो स्वतः अभ्यासाला कधी टिकून बसला नाही. चहाच्या वेळेला बरोबर यायचा. पण रस्त्यात कुणी भेटलं की सांगायचा, "आमची आई म्हणजे पास्टर घडवणारी चालती-फिरती सेमिनरी आहे. फी फक्त शिव्या."

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी हृदयाच्या झटक्यानं सुहास गेला. आई त्या दिवशी घरी नव्हत्या. नातेपुत्यात एका छोट्या चर्चमध्ये बायकांचा गट सुरू करून द्यायला त्या आदल्या दिवशी गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आणि योहानाच्या अकराव्या अध्यायात काय आहे? मार्था आणि मरीया या दोन बहिणींचा भाऊ लाजर आजारी पडतो. बहिणी येशूला निरोप धाडतात. तो निघायला उशीर करतो. पोचतो तेव्हा भाऊ कबरेत गेलेला असतो. येशू कबरेपाशी जातो आणि त्याला हाक मारून उठवतो.

आमचा सुहास उठला नाही. म्हणून आमच्या घरात दहावा संपला की पहिला येतो. हे गटातल्या प्रत्येकाला कळत होतं आणि कुणी कधी बोललं नाही. आई देवावर रुसल्या आहेत, आणि त्यांचा तो हक्कच आहे, असं आम्ही सगळ्यांनी आपापल्या मनात धरून टाकलं होतं. नवीन कुणी येऊन "यानंतर अकरावा ना?" असं विचारलं, तर दानिएलकाका त्याला बाजूला घेऊन सांगायचे, "सदर अध्याय प्रलंबित आहे."

यंदा आमच्या चर्चला नवीन पास्टर आले. तरुण, उत्साही, सगळ्यांना मावशी-काका म्हणणारे. त्यांनी सगळ्या गटांचा मेळावा ठरवला. प्रत्येक गटानं योहानाचा एक अध्याय घ्यायचा आणि त्यातून आपण काय शिकलो ते सगळ्या मंडळीपुढं सांगायचं. रविवारी उपासनेनंतर त्यांनी वाटणी वाचून दाखवली. आमच्या गटाला अकरावा आला.

आई जागेवरून उठल्या. "पास्टर, आमाला दहावा द्या. दहावा आमचा पक्का हाय."

"मावशी, दहावा दुसऱ्या गटाला दिलाय. अकरावा किती सुंदर आहे! मी मुद्दाम तुमच्यासाठी ठेवला. सगळ्यात अनुभवी गट तुमचा."

"मावशी न्हाय, मेट्रन," एवढंच आई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दानिएलकाका त्याच संध्याकाळी शेंगाचटणीचं मोठं पाकीट घेऊन दहाव्या अध्यायवाल्या गटाच्या प्रमुखबाईंकडं गेले. अदलाबदल करून घ्यायला. ती बाई आईंच्याच हाताखाली शिकून डिस्चार्ज झालेली. तिनं चटणी ठेवून घेतली आणि सांगितलं, "काका, मेट्रनबाईंनीच शिकवलंय. लिहून दिलेलं औषध शेजारच्या पेशंटशी बदलायचं न्हाय."

मग कुणीतरी पास्टरांच्या कानावर घातलं असावं. ते सोमवारी घरी आले, बराच वेळ पंख्याकडं बघत बसले, आणि म्हणाले, "मला माहीत नव्हतं, मेट्रनबाई. माफ करा. यंदा तुमचा गट नुसता ऐकायला बसू दे. आणि हवं असेल तर थोडे दिवस गट दुसऱ्या कुणाकडं देऊ. तुमचंही वय झालंय. विश्रांती घ्या."

ते चांगल्या मनानं बोलले. पण ते गेल्यावर आईंनी चहाचे कप उचलले आणि स्वयंपाकघरात जाऊन तसेच हातात धरून उभ्या राहिल्या.

"शुभदा, त्यो पोरगा खोटं बोलला न्हाय," त्या म्हणाल्या. "औषधाला घाबरणारी नर्स वॉर्डात ठेवत न्हाईत. गुरुवारी अकरावा घ्यायचा. न्हाय जमला तर गट सोडायचा. दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायचा."

"आई, अजून वेळ आहे. इतकी घाई कशाला?"

"तीन वर्षं झाली. अजून किती सावकाश?"

तो गट नसता तर आईंकडं काय उरलं असतं, याचा मी विचार करून पाहिला आणि मग करायचा सोडून दिला. सकाळची भाजी, दुपारची झोप, भिंतीवरचा सुहासचा फोटो आणि मी. मी तर दिवसभर पुस्तकांत. गुरुवार काढून घेतला असता तर त्यांचा आठवडा पहिल्या वारापासून शेवटच्या वारापर्यंत नुसता कोरा.

गुरुवार आला. गटातल्या अर्ध्या लोकांना अचानक कामं निघाली. एकाकडं साखरपुडा, एकाकडं पाहुणे, एकाची मोटारसायकल बिघडली. आले ते दानिएलकाका आणि लक्ष्मीअक्का. आम्ही चौघं सतरंजीवर गोल बसलो. काका नेहमीच्या जागेवर बसेनात. इकडं बसले, मग उठले, पुस्तकात बोट घालून ओठांनी काहीतरी मोजलं, आणि शेवटी आईंच्या पलीकडं जाऊन बसले.

मी ओळखलं. आमच्याकडं एकेक वचन आळीपाळीनं वाचतात, आणि आपल्या वाट्याला कोणतं येणार हे आधीच मोजून ठेवणं ही प्रत्येक गटातली गुप्त कला आहे. मार्था धावत येऊन येशूला म्हणते, की तू इथं असतास तर माझा भाऊ गेला नसता. हे वाक्य आईंच्या किंवा माझ्या तोंडी येऊ नये, म्हणून काकांनी हिशेब करून जागा बदलली होती. ते त्यांना स्वतः वाचायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज पुढं सरकवलेल्या माणसानं हा एक अर्ज स्वतःवर घेतला होता.

वाचन सुरू झालं. काका, मग अक्का, मग मी, मग आई, पुन्हा काका. आजारपणाचा निरोप आला. येशू होता तिथंच आणखी थांबला. आईंचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. काका आपल्या वचनाची वाट बघत ताठ बसले होते.

पण अक्कांच्या वाट्याला एक वचन अगदीच छोटं आलं. अक्कांचं मराठी वाचन बोट ठेवून, अक्षर जोडत चालतं. लांब वचन आलं की त्यांना घाम फुटतो. छोटं वचन एका दमात संपल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी मान वर केली, आमच्याकडं बघून हसल्या, आणि पुढचंही वचन वाचून टाकलं.

काकांचा चेहरा पडला. सगळा हिशेब एका घरानं मागं सरकला होता. त्यांच्या वाट्याचं वाक्य आता त्यांच्या आधी बसलेल्या माणसाकडं येणार होतं. "लक्ष्मीअक्का, आपण एक जादा..." ते पुटपुटले. "म्हणजे सदर वचन... मेट्रनबाई, थोडं मागून घ्यायचं का?"

"चालू द्या," आई म्हणाल्या.

एक फेरी झाली. माझं वचन झालं. आणि मार्थेचं वाक्य आईंपुढं आलं.

आईंनी ते वाचलं. आवाज कापला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. काका आपलं वचन वाचायला लागले तर आईंनी दुसऱ्या हातानं त्यांना थांबवलं.

"तुमाला सगळ्यांना वाटतंय मी लाजरावर रुसलीय," त्या म्हणाल्या. "त्यो उठला आन माझा न्हाय उठला म्हणून. व्हय ना?"

काकांनी पुस्तकात मान घातली.

"तसं न्हाय. मेलेल्याला उठवणं हे कधी माझं काम नव्हतं. त्ये त्याचं त्यो बघंल. पण जित्याजवळ थांबणं माझं काम होतं. छातीत कळ आलेली किती माणसं ह्या हातांनी मागं आणली मी. डॉक्टर यायच्या आत. आन माझ्या पोराच्या टायमाला मी कुटं? तर नातेपुत्याला. बायकांना प्रश्न इचारत." त्यांनी बोटाखालच्या ओळीकडं पाहिलं. "हितं असते तर. हे वाक्य येशूला न्हाय, मला हाय." मग माझ्याकडं बघितलं. "तू कधी म्हणाली न्हायस, शुभदा. दर गुरुवारी वाटायचं, आज म्हणंल. आज अकरावा आला की म्हणंल."

पंखा फिरत होता. अक्कांनी पदर तोंडाशी नेला. मला इतकंच कळत होतं, की आईंनी प्रश्न विचारलाय आणि आता त्या गप्प बसणार. उत्तर येईपर्यंत.

"आई," मी म्हटलं. "मी इथं होते."

त्या बघत राहिल्या.

"मी इथंच होते. पोहे भिजवत होते. त्यानं हाक मारली तशी लगेच गेले. त्याच्याजवळ बसले होते. शेजाऱ्यांनी गाडी काढली, सगळं केलं. मी होते आई. मी होते, तरी गेला."

एवढं मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते.

आईंनी विचारलं, "शेवटी काय बोलला त्यो?"

हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. मी तुम्हाला फोन लावायला उठले होते, असं मी सांगितलं. तर त्यानं हात धरला. म्हणाला, आत्ता नको. आईचा अभ्यास चालू असेल. मध्येच उठवू नको तिला.

आईंचं बोट त्या ओळीवरून निसटलं.

"चालू होता," त्या म्हणाल्या. "व्हय. तवा चालूच होता." आणि मग, "येडं. येडं माझं ते."

अक्का सरकत त्यांच्याजवळ आल्या आणि नुसत्या खांद्याला खांदा लावून बसल्या. काकांनी चष्मा काढून परत घातला. आईंनी नाक पुसलं, पान सरळ केलं आणि म्हणाल्या, "दानिएलदादा, तुमची पाळी. वाचा की."

आम्ही वाचत गेलो. मरीया आली. येशूनं तिला रडताना पाहिलं, कबर कुठं आहे विचारलं, आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते छोटंसं वचन अक्कांना आलं. या वेळी त्यांनी पुढचं वाचलं नाही.

"हितं थांबू," आई म्हणाल्या.

"मेट्रनबाई," काका हळूच म्हणाले, "अजून कबरेवरचा दगड बाजूला करायचा राहिलाय."

"राहू दे. पुढं त्यो उठतो, त्ये सगळ्या जगाला म्हाईत हाय. आज येशूला जरा रडू द्या."

मग त्यांनी काकांना प्रार्थना करायला सांगितली. काकांनी डोळे मिटले. "प्रभू," ते म्हणाले. पुढं काही सापडेना. शहर नाही, जिल्हा नाही, केंद्र सरकार नाही. "प्रभू," पुन्हा म्हणाले, आणि "आमेन."

मेळाव्याच्या रविवारी चर्चचं सभागृह भरलं होतं. मोडनिंबहून, नातेपुत्याहून आईंनी डिस्चार्ज दिलेले लोक आले होते आणि सगळे मुद्दाम पुढच्या रांगांत बसले होते, परीक्षेला आल्यासारखे. एकेक गट उठून बोलला. कुणी नकाशा दाखवला, कुणी गीत गायलं. आमची पाळी आली तेव्हा आई एकट्याच पुढं गेल्या, माईक नको म्हणून बाजूला सारला, आणि त्यांनी अकराव्या अध्यायातल्या उशिराबद्दल सांगितलं. वेळेवर न पोचलेल्या माणसांबद्दल. आणि वेळेवर तिथंच असून काही करू न शकलेल्या माणसांबद्दल. "दोघांनी एकमेकांना सांगायला पायजे," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात तीन वर्षं दोघी वेगवेगळ्या खोलीत बसलो हुतो. औषध एकच हुतं." सुहासचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. येशूच्या डोळ्यांत पाणी आलं इथपर्यंत त्या आल्या आणि सरळ जाऊन खाली बसल्या.

पास्टर गोंधळले. "खूपच छान, मेट्रनबाई. पण मग शेवटी लाजर उठला ना? ते राहिलं."

"उठला की," आई जागेवरूनच म्हणाल्या. "पण त्ये तुमी सांगा, पास्टर. माणसाला जागेवरनं उठवायचं तुमाला बरं जमतं."

सगळं सभागृह हसलं. पास्टरही हसले. मावशी म्हणणं तर त्यांनी त्या सोमवारपासूनच सोडलं होतं. बाहेर बायका आईंभोवती जमल्या. एकजण म्हणत होती, हिनं मला प्रार्थना करायला शिकवलं. दुसरी म्हणत होती, मला तर हिनं गप्प बसायला शिकवलं. आई कुणाचा तरी रक्तदाब विचारत होत्या आणि कुणाला तरी मीठ कमी करायला सांगत होत्या. मी सरबताचा ग्लास हातात धरून लांब उभी राहिले. कुणी विचारलं, "तुम्ही मेट्रनबाईंच्या कोण?" तर मी इतक्या मोठ्यानं "सून" म्हणाले, की पलीकडच्या दोघींनी वळून पाहिलं.

घरी परतताना आम्ही रिक्षा केली. भर दुपारचं ऊन, रस्ता रिकामा. मध्येच आईंनी माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि मनगटावर दोन बोटं ठेवली, नाडी बघतात तशी.

"काय झालं?" मी विचारलं. "मला काही होत नाहीये."

"गप बस. बघू दे."

नाडी बघायला घड्याळ लागतं. आईंच्या हातात घड्याळ नव्हतं, आणि त्या बघत होत्या बाहेर, रस्त्याकडं. घर आलं, रिक्षावाला थांबला, त्यानं मागं वळून पाहिलं, तरी त्यांनी बोटं उचलली नाहीत.